तोफेला न फुटलेला ठिसूळ दगड

फ्लोरिडाच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या सेंट ऑगस्टीन या गावाने पहिल्या शंभर वर्षांत एकापाठोपाठ एक नऊ किल्ले बांधले. नऊच्या नऊ लाकडी. कुठे ओलसर हवेने लाकूड कुजलं, कुठे आग लागली, कुठे वादळाने काम केलं. १५८६मध्ये इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेकने किल्ल्यासकट अख्खं गावच जाळलं. गंमत अशी, की किल्ला बांधायला लागणारा दगड समोरच्या आनास्तासिया बेटावर होता. मधे फक्त खाडी. आणि तो तिथे आहे हे स्पॅनिशांना ठाऊकही होतं.

मुळात हे गाव वसलं ते समुद्री प्रवाहामुळे. मेक्सिको आणि पेरूची चांदी घेऊन स्पेनकडे परतणारी जहाजं क्यूबा सोडल्यावर गल्फ स्ट्रीमवर स्वार होत. हा उबदार, वेगवान प्रवाह फ्लोरिडाच्या किनाऱ्याला लागून उत्तरेकडे वाहतो. म्हणजे हा किनारा ज्याच्या हातात, त्याच्या टप्प्यात खजिना. १५६४मध्ये फ्रेंच प्रोटेस्टंटांनी आजच्या जॅक्सनविलजवळ फोर्ट कॅरोलिन बांधला, तेव्हा माद्रिदला घाम फुटला. त्यांना हुसकावण्यासाठी पेद्रो मेनेंदेझ दे आविलेस ८ सप्टेंबर १५६५ रोजी सेंट ऑगस्टीनला उतरला. त्याच्यावर चालून निघालेलं फ्रेंच आरमार वादळाने दक्षिणेला भरकटलं. ती संधी साधून त्याने खुष्कीच्या वाटेने जाऊन फोर्ट कॅरोलिन जिंकला आणि नंतर किनाऱ्याला लागलेल्या शेकडो फ्रेंचांची शरण आल्यावर कत्तल केली.

पहिला तळ पडला तिमुकुआ लोकांच्या सेलॉय या प्रमुखाच्या गावातच. पाहुणे लवकरच जड झाले. काही महिन्यांतच संघर्ष पेटला, तळ जळाला आणि स्पॅनिशांना समोरच्या बेटावर पळावं लागलं. १५७२च्या सुमारास ते पुन्हा मुख्य भूमीवर आले.

त्या पहिल्या तळाचा माग फ्लोरिडा विद्यापीठाच्या कॅथलीन डीगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षं उत्खनन करून काढला. लाकडी वस्तीचं वाळूत फारसं काही उरत नाही. उरतात ते खांब कुजून गेलेल्या जागचे काळपट गोल डाग. ते एकमेकांशी जुळवत घराचा आराखडा काढायचा! विहिरी मात्र बोलक्या निघाल्या. वाळू ढासळू नये म्हणून त्या काळचे लोक लाकडी पिंपं एकावर एक रचून विहीर बांधत. तळाचं पिंप कायम पाण्याखाली, तिथे प्राणवायू जेमतेम, त्यामुळे लाकूड टिकून राहतं. विहीर निकामी झाली की तिच्यात घरचा कचरा पडे, आणि तोच पुढे पुरातत्त्वज्ञांच्या कामी आला. त्या काळच्या कचऱ्यात स्थानिक पद्धतीची मातीची भांडी आणि माशांची हाडं मुबलक सापडतात. मेंढ्या इथे तगल्या नाहीत, गव्हाने दगा दिला. अनेक सैनिकांनी स्थानिक स्त्रियांशी लग्नं केली होती. जेवणाच्या टेबलावर स्पेनची झिलईदार भांडी दिसली, तरी चूल तिमुकुआच राहिली. वसाहतीच्या इतिहासात गव्हर्नरांची नावं ठळक असतात, पण गाव जगवलं ते या चुलींनी, असं माझं मत आहे.

मग दगडाला हात लावायला एवढा उशीर का? पैसा. गावाचा पगार-शिधा मेक्सिकोहून येई, तोही रखडत. गवंडी नव्हते, खाणीत राबायला माणसं नव्हती. १६६८मध्ये इंग्रज चाच्यांनी गाव लुटलं, १६७०मध्ये इंग्रजांनी उत्तरेला चार्ल्सटाउन वसवलं, आणि मग कुठे थैली सुटली. ऑक्टोबर १६७२मध्ये कास्तियो दे सान मार्कोस या दगडी किल्ल्याचा पाया खणायला सुरुवात झाली. आराखडा हवानाहून आलेल्या इग्नासिओ दासा या अभियंत्याचा. राबणारे मात्र बहुतेक मिशन-वस्त्यांमधले मूळ रहिवासी, सोबत गुलाम आणि कैदी. काम १६९५पर्यंत चाललं.

तो दगड म्हणजे कोकिना. डोनॅक्स नावाच्या चिमुकल्या शिंपल्यांचे लाखो तुकडे एकत्र चिकटून झालेला. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं. ते शिंपल्यांच्या थरातून झिरपताना थोडं कार्बोनेट विरघळवतं आणि पुढे तेच तुकडे जिथे टेकतात तिथे पुन्हा साचवतं. सांधे जुळतात, पण मधल्या फटी बऱ्याचशा रिकाम्याच राहतात. जमिनीतून काढताना हा दगड ओला आणि मऊ असतो, कुऱ्हाडीने तुटतो. हवेवर सुकला की घट्ट होतो. कोकणातला जांभ्याचा चिरा पाहिलेल्यांना हे ओळखीचं वाटेल, जरी तिथलं रसायन लोहाचं आहे. चुनाही शिंपले भाजूनच केला, आपल्याकडच्यासारखाच.

भिंती तळाशी १४ ते १९ फूट जाड ठेवल्या. कारण एवढा भुसभुशीत दगड तोफेपुढे टिकेल, यावर कुणाचा भरवसा नव्हता.

१७०२मध्ये कॅरोलायनाचा गव्हर्नर जेम्स मूर चालून आला. सुमारे पंधराशे माणसं जवळपास दोन महिने किल्ल्यात कोंडून होती. गाव जळलं, किल्ला राहिला. १७४०मध्ये इंग्रज सेनानी जेम्स ओगलथॉर्पने २७ दिवस तोफा डागल्या, त्याही आनास्तासिया बेटावरून, म्हणजे जिथून दगड आला तिथूनच. गोळे भिंतीत रुतले, भिंत फुटली नाही.

ग्रॅनाइटसारख्या टणक दगडावर आघात झाला की ऊर्जा तड्याच्या रूपाने लांबवर पळते. कोकिनात गोळा आदळला, की तिथल्या तिथे शिंपल्यांचे सांधे चुरडतात, फटी दबतात, तडा पुढच्या फटीपाशी अडतो. फ्लोरिडातल्या अभियंत्यांनी या दगडाच्या नमुन्यांवर पोलादी गोळ्या झाडून हे तपासलं. आघात झेलण्याची त्याची तऱ्हा दगडापेक्षा फोमच्या जवळची निघाली. सगळं श्रेय दगडाला देऊ नये. ओगलथॉर्पच्या तोफा खाडीपलीकडे होत्या, गोळे थकूनच पोचत असणार.

किल्ला लढाईत कधीच पडला नाही. १७६३च्या तहात स्पेनने फ्लोरिडा ब्रिटनला देऊन टाकला आणि जवळजवळ सगळे स्पॅनिश रहिवासी क्यूबाला निघून गेले. भिंतींवर पूर्वी चुन्याचा पांढरा गिलावा होता, तो आज जवळजवळ गेला आहे. त्यामुळे पाऊस उघड्या दगडात थेट मुरतो आणि सांधे हळूहळू विरघळवतो. पर्यटकांनी भिंतींवर चढू-बसू नये, असं नॅशनल पार्क सर्व्हिस सांगते, कारण नुसत्या घासण्यानेही शिंपल्यांचे कण सुटतात.