खोगिराला लटकलेली रायफल

मराठी शिकारकथांवर पोसलेल्या वाचकाला रायफल म्हटलं की विलायती दुनळी, मचाण आणि एखादे संस्थानिक आठवतात. अमेरिकेतली शिकार मात्र बरीचशी कष्टकऱ्यांची. पेनसिल्व्हेनियातला खाणकामगार किंवा मेनमधला लाकूडतोड्या पानगळीच्या हंगामात जंगलात जायचा आणि मिळालेलं हरीण हिवाळ्यासाठी घरी आणायचा. त्याला खिशाला झेपणारी आणि दिवसभर वागवता येणारी बंदूक हवी होती. तिथल्या ज्या रायफलींना आज लोक अभिजात म्हणतात, त्यांतल्या बहुतेक याच गिऱ्हाइकासाठी घडल्या.

त्यांची थोरली म्हणजे विंचेस्टरची 'मॉडेल १८९४', खालची लिव्हर ओढून काडतूस भरायची रायफल. रचना जॉन मोझेस ब्राउनिंगची. हा युटा राज्यातल्या ऑग्डेन गावच्या बंदूक-कारागिराचा मुलगा. त्याआधीची काडतुसं काळ्या दारूची होती. बार उडाला की समोर धुराचा पडदा, आणि नळीत काजळीचा थर. १८९५ मध्ये याच रायफलीसाठी 'थर्टी-थर्टी' काडतूस आलं. ०.३० इंची बोअर, आत धूररहित दारू ३० ग्रेन. वाढलेला दाब सोसण्यासाठी नळी निकेलमिश्रित पोलादाची करावी लागली. घोडेस्वाराला मात्र तिचा सपाट, सडपातळ देह आवडला. बाजूला बोल्टची मूठ नाही, की खाली मॅगझीनचं पोट नाही. त्यामुळे खोगिराला बांधलेल्या चामडी म्यानात ती मांडीखाली बिनबोभाट बसे. १९२७ मध्ये या मॉडेलची दहा लाखावी रायफल राष्ट्राध्यक्ष कूलिज यांना भेट दिली गेली. पुढे एकूण उत्पादन सत्तर लाखांपलीकडे गेलं.

आता ताकद पाहावी तर थर्टी-थर्टी बेताचंच. दीड-दोनशे यार्डांपुढे गोळी झपाट्याने खाली येते. त्यात या रायफलीचं मॅगझीन नळीखालच्या दुसऱ्या नळीत. काडतुसं एकामागे एक झोपलेली. टोकदार गोळी वापरली तर तिचं टोक पुढच्या काडतुसाच्या टोपीवर टेकणार आणि धक्क्याने आतच स्फोट व्हायची भीती. म्हणून गोळीचं नाक चपटं ठेवायचं, आणि चपटं नाक हवेत लवकर दमतं. तरी पूर्वेकडच्या दाट रानात हरीण दिसतंच मुळी पन्नास-साठ यार्डांवर. तिथे याहून जास्त कशाला हवं?

चपट्या नाकाच्या या अडचणीवर आर्थर सॅव्हेजने जे उत्तर काढलं, ते मला विंचेस्टरहून उजवं वाटतं. हा जन्माने जमैकाच्या किंग्स्टनचा, कारखाना न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका गावी. त्याच्या 'मॉडेल ९९'मध्ये काडतुसं पोटातल्या फिरत्या चक्राभोवती बसतात, त्यामुळे टोकदार गोळी बिनधोक चालते. घोडा बाहेर नाही, सगळं आत झाकलेलं. आणि डाव्या अंगाला इवलीशी खिडकी: आत किती काडतुसं उरली तो आकडा पितळेवर दिसतो. हिच्यासाठी चार्ल्स न्यूटनने १९१५ च्या सुमारास एक काडतूस बेतलं. त्याच्या मनात १०० ग्रेनची गोळी होती. पण सेकंदाला ३००० फूट हा आकडा जाहिरातीत झळकायला हवा म्हणून कंपनीने ती ८७ ग्रेनवर आणली आणि नावच ठेवलं '२५०-३०००'. विक्रेत्याने शिकाऱ्याच्या डोक्यावरून हात फिरवण्याची ही पहिली वेळ नव्हती, शेवटचीही नाही.

मग लष्कर आलं. १९०६ मध्ये स्प्रिंगफील्ड रायफलीसाठी स्वीकारलेलं 'थर्टी-ओ-सिक्स' सैनिकांबरोबर घरोघर पोचलं. थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०९ च्या आफ्रिकावारीत ते नेलं होतं. बोल्टवाल्या रायफलीचं युग इथून पक्कं झालं आणि विंचेस्टरची १९३६ ची 'मॉडेल ७०' हे त्याचं शिखर. तिचा काडतूस धरणारा आकडा मॉझर रायफलीच्या वळणाचा: काडतूस मॅगझीनमधून सुटताच त्याची कड धरतो आणि पुंगळी बाहेर फेकेपर्यंत सोडत नाही. समोर अस्वल असताना घाबरून बोल्ट अर्धवट ओढला, तरी दोन काडतुसं एकमेकांत अडकत नाहीत.

थर्टी-ओ-सिक्सच्याच कुळातली पुंगळी, मान आवळून, १९२५ मध्ये 'टू-सेव्हंटी' झाली. तिचा भाट जॅक ओ'कॉनर, एकेकाळचा ॲरिझोना विद्यापीठातला पत्रकारितेचा प्राध्यापक. १३० ग्रेनची वेगवान गोळी नेमक्या जागी लागली की पुरे, हे त्याने 'आउटडोअर लाइफ'मधून वर्षानुवर्षं लिहिलं. दुसरा बंदूकलेखक एल्मर कीथ विरुद्ध टोकाचा: भोक मोठं हवं आणि गोळी जड. पुढे दोघेही आयडाहोचेच रहिवासी, आणि भांडण महाराष्ट्रातल्या शास्त्रीय घराण्यांना शोभेल असं. माझं मत ओ'कॉनरकडे झुकतं, पण खरं सांगायचं तर दोघांनी मारलेल्या एल्कला फरक कळला नसता.

१९६४ मध्ये विंचेस्टरने खर्च कमी करण्यासाठी 'मॉडेल ७०'चा तो मॉझर आकडा काढला, दस्त्यावरची हातकोरणी जाऊन साच्याने दाबलेली नक्षी आली, आणि 'मॉडेल १८९४'मध्येही स्वस्त सुटे भाग बसवले. गिऱ्हाईक खवळलं. 'चौसष्टपूर्वीची' हा जुन्या बाजारातला दर्जाच बनला. १९६२ मध्ये बाजारात उतरलेल्या रेमिंग्टन ७०० ने ही संधी साधली. १९९० च्या दशकात विंचेस्टरने आकडा परत आणला, पण न्यू हेवनचा कारखाना २००६ मध्ये बंद पडला. आज 'मॉडेल १८९४' जपानमध्ये बनते. रेमिंग्टनचाही इलियन इथला जुना कारखाना २०२४ मध्ये थांबला.

या बंदुकांचं हिशेबाचं पान वन्यजीवांच्या खात्यातही उघडतं. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफली आणि काडतुसांवरचा अकरा टक्के कर राज्यांच्या वन्यजीव-संवर्धनाकडे वळवला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विरळ झालेलं पांढऱ्या शेपटीचं हरीण पुन्हा इतकं वाढलं की आता ते लोकांच्या परसबागा खातं.

सपाट, दाट वस्तीच्या ओहायोत लांब पल्ल्याच्या गोळीची धास्ती असते, म्हणून तिथे याच हरणासाठी रायफलच चालत नसे. २०१४ पासून सरळ भिंतीच्या पुंगळीची, कमी पल्ल्याची काही काडतुसं चालू लागली. त्या यादीत १८७३ चं, लष्कराने काळ्या दारूवर बेतलेलं 'फॉर्टीफाइव्ह-सेव्हंटी' आहे. दिवाळखोरीत निघालेल्या रेमिंग्टनकडून मार्लिन हे नाव रूगर कंपनीने विकत घेतलं, आणि २०२१ च्या अखेरीस मार्लिनची पहिली रायफल पुन्हा बाजारात आणली, ती याच काडतुसाची, लिव्हरवाली.