टॉन्सिल काढले, तरी मूल घोरते?

"ऑपरेशन झाले, आता काळजी मिटली," असे म्हणून बहुतेक घरांत टॉन्सिलची फाईल पेटीत जाते. वस्तीत फिरताना आम्ही विचारतो, "पोरगं आता शांत झोपतं का?" तेव्हा कुणी ना कुणी म्हणतेच, "घोरतं थोडं, पण त्याचा बापही घोरतो." हे 'थोडं' तपासून घ्यायला हवे.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. टॉन्सिल आणि नाकामागचे अ‍ॅडेनॉइड वाढलेले असतील तर श्वासाची वाट अडते. मूल घोरते, मध्येच श्वास थांबतो, मग ते दचकून श्वास ओढते. रात्रभर झोप तुटत राहते, रक्तातला ऑक्सिजन कमी होतो. हा स्लीप अ‍ॅप्निया. यावर पहिला उपचार टॉन्सिल-अ‍ॅडेनॉइड काढण्याचा असतो आणि त्याचा बहुतेक मुलांना फायदा होतो. पण सगळ्यांचा त्रास पुरता जात नाही. अमेरिकेत 5 ते 9 वर्षांच्या 464 मुलांचा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ऑपरेशन झालेल्यांपैकी 79 टक्के मुलांची झोपेची तपासणी सात महिन्यांनी नॉर्मल आली. म्हणजे साधारण पाचातल्या एकाचा त्रास उरला.

वजन जास्त असेल, आधीच त्रास तीव्र असेल, नाकाची अ‍ॅलर्जी, दमा किंवा डाऊन सिंड्रोम असेल, जबडा लहान असेल, तर हा धोका वाढतो. विदर्भातल्या आपल्या घरांत सिकलसेल आहे. ऑक्सिजन कमी झाला की सिकलसेलच्या रुग्णाच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि दुखणे उफाळू शकते. अशा मुलाचे घोरणे अंगावर काढू नका. कोणत्याही ऑपरेशनआधी सर्जन आणि भूल देणारे डॉक्टर, दोघांनाही सिकलसेलचा रिपोर्ट दाखवा.

काय पाहाल?
जखम भरल्यावर, सहा-आठ आठवड्यांनीही घोरणे, श्वास अडकणे, तोंड उघडे ठेवून झोपणे, मान मागे टाकणे, खूप घाम, पुन्हा सुरू झालेले अंथरूण ओले करणे, सकाळी डोके दुखणे, वर्गात चिडचिड किंवा पेंग. मूल झोपलेले असताना मोबाईलवर दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढा आणि कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवा. मात्र घोरण्याच्या आवाजावरून आजार किती हे ठरत नाही. त्यासाठी रात्रभराची झोपेची तपासणी, म्हणजे स्लीप स्टडी लागते.

पुढचे उपचार
अडथळा कुठे उरला आहे, त्यावर उपचार ठरतो. त्रास सौम्य असेल, नाक चोंदत असेल तर डॉक्टर नाकात मारायचा स्टेरॉइड स्प्रे देतात. मॉन्टेलुकास्ट गोळीही काहींना देतात, पण तिने काही मुलांचे वागणे-मन बिघडते म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकाने 2020 मध्ये कडक इशारा दिला आहे. ती मेडिकलमधून परस्पर आणू नका. टाळू अरुंद असेल तर दातांचे डॉक्टर ती रुंद करणारी पट्टी बसवतात. वजन जास्त असेल तर पाकिटातला खाऊ आणि गोड पेये कमी करा, खेळ वाढवा. पण पोराला उपाशी ठेवू नका.

त्रास जास्त असेल तर सीपॅप मशीन. मास्कमधून हवेचा दाब देऊन ते घसा उघडा ठेवते. रोज रात्री लावावे लागते आणि मूल वाढते तसा मास्क बदलावा लागतो. आधी दिवसा, खेळता खेळता मास्कची सवय लावा. काही मुलांच्या घशात हलकी भूल देऊन दुर्बिणीने पाहतात. जिभेमागचे टॉन्सिल किंवा स्वरयंत्राजवळचा सैल भाग अडवत असेल तर तिथे ऑपरेशन होऊ शकते.

घरात बिडी-सिगारेट, चुलीचा धूर, मच्छरची कॉइल बंद करा. झोप आणणारे खोकल्याचे औषध देऊ नका.

कुठे जाल?
अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते. त्यांना घोरण्याचे स्पष्ट सांगा आणि पुढे पाठवणारी चिठ्ठी मागा. महात्मा फुले योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटून कोणता खर्च बसतो ते आधीच विचारा. झोपेत मूल निळे पडले किंवा श्वासासाठी धडपडू लागले तर वाट पाहू नका, 108 ला फोन करा.

रात्री ज्याची झोप होत नाही, त्याला दिवसा वर्गात 'मठ्ठ' म्हटले जाते. पोराला शिकवायचे म्हणून आपण पोटाला चिमटा काढतो, तर त्याची झोपही तपासून घेऊया. ती जुनी फाईल आजच बाहेर काढा.