माकडतापाचा शोध : एका रोगामागे किती शास्त्रे

संशोधन म्हटले की काचेच्या नळ्या, सूक्ष्मदर्शक यंत्र आणि पांढरा अंगरखा घातलेली व्यक्ती एवढेच चित्र सर्वसामान्यांच्या डोळ्यांपुढे येते. विद्यापीठांतून व संशोधन संस्थांतून आरोग्य, प्राणिशास्त्र, समाजशास्त्र, शिक्षण अशा नाना शाखांत जे अभ्यास चालतात, त्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसावा आणि आपल्या गावाशी तर मुळीच नसावा, अशीही समजूत आढळते. पक्ष्याच्या पायात वळे घालून त्याला पुन्हा सोडून देणाऱ्या अभ्यासकाचा आणि सत्तरीच्या बागायतीत काजू वेचणाऱ्या बाईच्या तापाचा काय संबंध, असा प्रश्न कोणी केल्यास तो वावगा म्हणता येणार नाही. मात्र संबंध आहे, आणि तो माकडतापाच्या शोधाच्या हकिकतीतून स्पष्ट होतो.

1957 सालच्या मार्च महिन्यात तत्कालीन म्हैसूर राज्याच्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूर नावाच्या जंगलाच्या परिसरात माकडे मरून पडत असल्याचे आढळले. त्याच सुमारास रानात जाणारी माणसेही जबर तापाने अंथरुणास खिळली होती. तेथील लोकांनी कानडीत या दुखण्याला ‘मंगन कायिले’, म्हणजे माकडाचा रोग, असे नाव दिले. माकडांचे मरणे आणि माणसांचे आजारी पडणे यांची सांगड ग्रामस्थांनी घातली होती, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

पुणे येथील विषाणू संशोधन केंद्र हे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठान यांच्या सहकार्याने 1952 साली स्थापन झाले होते. तेथील शास्त्रज्ञ तातडीने शिमोग्यास पोहोचले. या तातडीला कारण होते. माणसे व माकडे एकाच वेळी मरतात असा एक रोग जगाला ठाऊक होता, तो म्हणजे आफ्रिका व दक्षिण अमेरिका येथील पीतज्वर. त्याचा प्रसार करणारा डास भारतात विपुल आहे, रोग मात्र कधी आला नव्हता. तो आला असता तर केवढा अनर्थ ओढवला असता! तपासणीअंती ही भीती निराधार ठरली. रुग्णांच्या व माकडांच्या रक्तातून जो विषाणू हाती लागला, तो गोचिडांमार्फत पसरणाऱ्या आणि रशियात आढळणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूंचा नातलग निघाला. हे काम जोखमीचे होते. विषाणू हाताळताना प्रयोगशाळेतील अनेक कर्मचाऱ्यांना याच तापाची लागण झाली. याच केंद्राला 1978 पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था असे नाव आहे.

रशियातल्या रोगाचा नातलग सह्याद्रीच्या रानात कसा पोहोचला, हा पुढचा प्रश्न. सैबेरियातून दर हिवाळ्यात आपल्याकडे येणारे पक्षी अंगावरील गोचिडांबरोबर विषाणूही आणत असतील काय, अशी शंका निघाली. तिचा निकाल डॉक्टरांना लावता येण्यासारखा नव्हता. तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीस साहाय्य दिले आणि डॉ. सालिम अली यांच्या मार्गदर्शनाखाली 1959 पासून पक्षी पकडून, पायात क्रमांकाची वळी घालून, अंगावरचे गोचीड गोळा करण्याचे काम सुरू झाले. पक्ष्यांनी हा रोग आणल्याचा पुरावा काही मिळाला नाही. उलट, कच्छ-सौराष्ट्राकडील लोकांच्या रक्ततपासणीतही या विषाणूशी जुळणाऱ्या प्रतिकारद्रव्यांच्या खुणा आढळल्या होत्या, त्यावरून विषाणू या देशात बराच आधीपासून असावा, असे मत पुढे आले. ‘नाही’ असे उत्तर मिळाले म्हणजे श्रम वाया गेले, असे समजण्याचे कारण नाही. एक वाट बंद झाल्याने शोध योग्य दिशेस वळला, आणि हिवाळी पाहुण्या पक्ष्यांविषयी आपल्याला जी माहिती मिळाली ती या तापाच्या निमित्ताने, हा लाभ वेगळाच.

आता रोग जर जुना, तर तो 1957 सालीच का भडकला? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी शास्त्रज्ञांनी सागर येथे तळ ठोकून रानाचाच अभ्यास केला. त्यांत मूळचे कोलंबियाचे डॉ. होर्हे बोशेल आणि आपले कीटकशास्त्रज्ञ डॉ. पी. के. राजगोपालन हे प्रमुख होत. गोचीड आपल्या आयुष्यात तीन वेळा रक्त पितो. लहानपणी तो उंदीर, चिचुंद्री अशा लहान प्राण्यांवर किंवा माकडांवर पोसतो आणि मोठेपणी गुरांसारख्या मोठ्या जनावरांवर. रान दाट होते, माणसे थोडी होती, तोवर हे चक्र रानातल्या रानात फिरत होते. वस्ती वाढली, रान तोडून शेते झाली, गुरे रानाच्या कडेला चरू लागली. गुरांना स्वतःला या विषाणूचा त्रास होत नाही. परंतु मोठ्या गोचिडांना भरपूर रक्त मिळाल्याने त्यांची पैदास बेसुमार झाली. बोशेल यांनी 1969 साली मांडलेले हे विवेचन आजही अभ्यासकांना आधारभूत वाटते. पुढे 1982-83 मध्ये दक्षिण कन्नड जिल्ह्यात निड्ले येथे या रोगाची मोठी साथ आली, ती रान तोडून काजूची लागवड हाती घेतल्यानंतर. काजूवर ज्यांचा संसार चालतो अशा आपल्या वाचकांनी या घटनेची विशेष नोंद घ्यावी.

येथे वैद्यकाचे व प्राणिशास्त्राचे क्षेत्र संपून समाजशास्त्राचे सुरू होते. मार्क निक्टर या मानववंशशास्त्रज्ञाने 1987 साली या रोगावर निबंध लिहिला, त्यात त्यास ‘विकासाचा रोग’ असेच संबोधले आहे. रानात कोण जातो, कशासाठी जातो, तापाचे कारण लोक काय मानतात, हे प्रश्न रक्ताच्या नमुन्यावरून सुटत नाहीत. त्यासाठी माणसांत बसून त्यांचे ऐकावे लागते.

लसीची कथाही याच प्रकारची आहे. आरंभी रशियन रोगावरची लस वापरून पाहिली; तिचा उपयोग झाला नाही. नंतर देशातच लस तयार झाली आणि कर्नाटकात ती अनेक वर्षे टोचली गेली. 2005 ते 2010 या काळातील माहितीची छाननी झाली, तेव्हा दोन मात्रा घेतलेल्यांना सुमारे 62 टक्के व पुढची वर्धक मात्राही घेतलेल्यांना सुमारे 83 टक्के संरक्षण मिळाल्याचे दिसले. शिवाय ज्यांना लस द्यावयाची होती त्यांतील बहुसंख्यांपर्यंत ती पोहोचलीच नव्हती. पुन्हा पुन्हा सुई टोचून घ्यावयाची आणि तीही ऐन कामाच्या दिवसांत, मग लोक येणार कसे? लस शोधणे हे शास्त्रज्ञाचे काम खरे. पण ती घेण्यास माणूस का येत नाही, हा लोकशिक्षणाचा विषय असून त्यावरील संशोधन कमी प्रतीचे मानू नये. अपुऱ्या परिणामामुळे त्या लसीचा वापर 2022 साली थांबविण्यात आला आणि नव्या लसीवर काम हाती घेण्यात आले.

हा ताप 2012 नंतर आपल्या मूळ जिल्ह्यांच्या बाहेर, केरळ व तामिळनाडूच्या रानांतही आढळू लागला. गोव्यात तो 2015 साली सत्तरी तालुक्यातील पाली गावात प्रकट झाला आणि 2016 साली शेजारच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात दोडामार्ग तालुक्यात. गोव्यातील रुग्णांचा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला, त्यात काजूच्या बागायतीत काम करणाऱ्यांना असलेल्या धोक्याकडे लक्ष वेधले आहे. याचे कारण उघड आहे. डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत गोचिडाची बारीक पिल्ले सुक्या पाचोळ्यात सर्वाधिक असतात, आणि बोंडू पडण्याचा, काजू वेचण्याचा हंगाम नेमका त्याच दिवसांत येतो. वेचणारा वाकून, पुष्कळदा अनवाणी, त्याच पाचोळ्यात हात घालतो.

म्हणून ग्रामस्थांनी पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात. रानात वा बागायतीत मेलेले माकड दिसल्यास त्यास हात लावू नये व जवळही जाऊ नये, कारण मृत शरीर सोडून खाली उतरलेले गोचीड भोवतालच्या पाचोळ्यात असतात. आरोग्य केंद्र, वन खाते किंवा पशुवैद्यक यांपैकी जे जवळ असेल तेथे त्याच दिवशी वर्दी द्यावी. पूर्ण बाह्यांचे कपडे व पायांत बूट घालावेत, आरोग्य केंद्राकडून मिळणारे गोचीडरोधक तेल उघड्या अंगास लावावे. घरी परतल्यावर गरम पाण्याने स्नान करून कपडेही गरम पाण्यात धुवावेत. या महिन्यांत गोठ्यात अंथरण्यासाठी रानातील पाचोळा आणू नये. गोचीड चावल्यापासून साधारण 3 ते 8 दिवसांत एकाएकी थंडी वाजून ताप, कपाळ ठणकणे, अंग मोडून येणे, ओकाऱ्या ही लक्षणे दिसतात. काहींना रक्तस्राव होतो, तर काहींना बरे वाटल्यानंतर पुन्हा ताप येऊन मेंदूवर परिणाम होतो. शंभरांत तीन ते पाच रुग्ण दगावतात. या रोगावर खास औषध नाही, मात्र वेळीच इस्पितळात दाखल झाल्यास शुश्रूषेने बहुतेक रुग्ण बरे होतात. माणसापासून माणसास हा रोग होत नाही, तेव्हा रुग्णाला कोणी वाळीत टाकू नये.

रानालगतच्या शाळांतील शिक्षकांना एक विनंती. मुलांच्या कानांवर रानातल्या बातम्या सर्वांआधी येतात. माकड मेल्याचे एखाद्या मुलाने सांगितले, तर दिवस, जागा व वाडीचे नाव वहीत टिपून आरोग्य केंद्रास त्वरित कळवावे, आणि ती जागा पाहण्यास मुलांस जाऊ देऊ नये.