ढगाखालचे तास

पावसाळ्यात मिठाची बरणी उघडली की मीठ ओलसर लागतं. हवेतला दमटपणा ते ओढून घेतं. क्षाराच्या याच गुणाच्या भरवशावर 2015 च्या ऑगस्टमध्ये मराठवाड्याच्या आभाळात कृत्रिम पाऊस पाडायला एक विमान घिरट्या घालत होतं. दुष्काळ असा, की पुढच्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. तेव्हाच्या औरंगाबादेत विभागीय आयुक्तालयाच्या गच्चीवर रडार बसवलं होतं. त्यावर ढग दिसला की किंग एअर बी-200 हे दोन इंजिनांचं विमान त्याच्या रोखानं निघायचं.

एरवी वैमानिक काळ्या ढगाला वळसा घालतो. हा थेट ढगाच्या बुडाशी जातो! तिथं हवा खालून वर चढत असते, विमान आपसूक उचललं जातं. ते जाणवलं की कॉकपिटमधलं बटण दाबायचं. पंखाला लावलेली नळकांडी पेटते आणि क्षाराचे सूक्ष्म कण हवेबरोबर ढगात शिरतात. पावसाचा एक थेंब व्हायला ढगातले जवळपास दहा लाख सूक्ष्म थेंब एकत्र यावे लागतात. कण स्वतःभोवती पाणी धरतो, जड होतो, वाटेत भेटेल त्याला सामावून घेतो. शून्य अंशाखालच्या उंच ढगांत सिल्व्हर आयोडाइड वापरतात, कारण त्याच्या स्फटिकाची ठेवण बर्फाशी जुळते आणि त्यावर पाणी लवकर गोठतं.

ढग नसेल तर मात्र यातलं काहीच चालत नाही. ढग असला तर किती फरक पडतो? पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं 2018 आणि 2019 मध्ये सोलापूरला प्रयोग केले, तेव्हा सुमारे शंभर चौरस किलोमीटरांत सरासरी 18 टक्के जास्त पाऊस आढळला.

आता या वैमानिकाच्या लॉगबुककडे वळू. त्यात उड्डाणाचा तास न् तास नोंदलेला असतो. आपल्याकडे व्यावसायिक परवान्याला 200 तास लागतात. विमान कंपनीत कॅप्टन व्हायला जो परवाना लागतो, त्याला 1500. अमेरिकेत तर 2013 पासून कंपनीच्या सहवैमानिकालाही साधारणपणे 1500 तास हवेत. मधले हजाराहून जास्त तास पदरचे पैसे घालून उडणं कुणाला परवडणार? म्हणून तिथली पोरं मिळेल ते उड्डाण करतात. कुणी नवशिक्यांना शिकवतं, कुणी पिकांवर फवारणी करतं, कुणी जाहिरातीचा लांबलचक फलक शेपटासारखा ओढत समुद्रकिनाऱ्यावरून जातं. नॉर्थ डाकोटात जून ते ऑगस्ट गारपीट रोखायला ढगांत असे कण पेरण्याचं काम चालतं. तिथं विद्यापीठातले विद्यार्थी सहवैमानिक म्हणून बसतात. कॅनडातल्या अल्बर्टात 1996 पासून याच कामाचा खर्च विमा कंपन्या उचलतात. बीडची ऊसतोड टोळी जशी हंगामामागे बिऱ्हाड हलवते, तसे हे वैमानिक ढगांच्या हंगामामागे देश बदलतात.

माझं मत विचाराल तर वादळाच्या कडेचा एक तास धावपट्टीभोवतीच्या दहा फेऱ्यांहून जास्त शिकवतो.

लातूर-नांदेडच्या घरांत बारावीच्या मुलीनं पायलट व्हायचं म्हटलं, की पहिला प्रश्न फीचा निघतो. तो विचाराच. पण त्याच्या जोडीला उड्डाणशाळेला हेही विचारा, की 200 तासांनंतरचे तास ती कुठं आणि कोणत्या कामात भरणार आहे.