पायाचाता : एका जुळ्या ज्वालामुखीची भूशास्त्रीय जडणघडण

प्रस्तावना : अँडीज पर्वतश्रेणीत चिली व बोलिव्हिया यांच्या सीमेवर ‘नेवादोस दे पायाचाता’ हा जुळा ज्वालामुखी आहे. त्याचे उत्तरेकडील शिखर पोमेरापे सुमारे ६,२८० मीटर, तर दक्षिणेकडील पारिनाकोटा सुमारे ६,३५० मीटर उंच आहे. स्थानिक आयमारा लोक त्यांना जुळी भावंडे मानतात. भूशास्त्रीयदृष्ट्या मात्र दोघांच्या वयात मोठे अंतर आहे.

उत्पत्ती : येथे नाझ्का भूपट्ट दक्षिण अमेरिकी भूपट्टाखाली सरकतो. खोल गेलेल्या भूपट्टातून मुक्त होणाऱ्या पाण्यामुळे वरील प्रावरणाचा वितळणबिंदू घटतो आणि शिलारस निर्माण होतो. सुमारे ७० किलोमीटर जाडीच्या भूकवचातून वर येताना त्यातील सिलिकाचे प्रमाण वाढते. त्यामुळे येथे प्रामुख्याने अँडेसाइट व डेसाइट हे खडक आढळतात. लाव्हा आणि ज्वालामुखीय राख यांचे थर एकावर एक साचून हे स्तरित शंकू उभे राहिले.

स्वरूपातील भेद : पोमेरापेची सक्रियता सुमारे एक लाख वर्षांपूर्वी थांबली. त्यानंतर हिमनद्यांनी त्याचे उतार कोरून काढले. याउलट पारिनाकोटाचा शंकू रेखीव असून त्याच्या माथ्यावर विवर आहे. या रेखीवपणामागे एक मोठी आपत्ती दडलेली आहे. गेल्या सुमारे २० हजार वर्षांच्या काळात पारिनाकोटाचा जुना शंकू पश्चिमेकडे कोसळला. सुमारे ६ घन किलोमीटर दरड वाहत गेली, जलप्रवाह अडला आणि साडेचार हजार मीटर उंचीवर चुंगारा सरोवर साकारले. दरडीच्या असंख्य टेकाडांमधील खोलगट भागांत कोटाकोटानी सरोवरे तयार झाली. पुढील उद्रेकांतून त्याच जागी आजचा शंकू उभा राहिला.

अशा टेकाडांचा अर्थ १९८० मधील सेंट हेलेन्स ज्वालामुखीच्या पतनानंतर अधिक स्पष्ट झाला. ते पतन प्रत्यक्ष पाहिले गेल्यामुळे जगभरातील तत्सम निक्षेपांची ओळख पटविणे सुकर झाले.

समारोप : पारिनाकोटाच्या उद्रेकाची खात्रीलायक ऐतिहासिक नोंद नाही, तथापि त्याच्या दक्षिण उतारावरील आहाता लाव्हाप्रवाह अवघ्या काही हजार वर्षांतील आहेत. म्हणून या ज्वालामुखीला मृत समजणे योग्य ठरत नाही. त्याच्या शंकूची सुबकता तारुण्याची खूण आहे. तिच्यावरून स्थैर्याचा निष्कर्ष काढता येत नाही. ज्वालामुखीपासून संभवणारा धोका जोखताना शिखराइतकेच त्याच्या पायथ्याच्या भूरूपांचे वाचन आवश्यक ठरते.