जुने पॉइंट, नवा हिशेब

फ्लोरिडातला डिस्ने व्हेकेशन क्लब 1991 पासूनचा. इथे पैसे भरून घर मिळत नाही. दरवर्षी ठरावीक पॉइंट मिळतात, ते मोजून खोली घ्यायची. कराराला शेवटची तारीख असते. ओल्ड की वेस्ट या पहिल्या रिसॉर्टचे बरेच करार जानेवारी 2042 मध्ये संपतात, 2019 मध्ये उघडलेल्या रिव्हिएराचे 2070 मध्ये. मालमत्ता कसली, हातातला बर्फाचा गोळाच!

सेकंडहँड करार स्वस्त वाटतो, पण भागाकार करून पाहा. समजा, 2042 ला संपणारा पॉइंट 2026 मध्ये 80 डॉलरला घेतला. उरली 16 वर्षं, म्हणजे वर्षाला 5 डॉलर. रिव्हिएराचा 120 ला पडला, तरी 44 वर्षांत वर्षाला पावणेतीनच. मग महाग तोच स्वस्त? थांबा. रिव्हिएराचे सेकंडहँड पॉइंट फक्त रिव्हिएरातच चालतात. जुन्या रिसॉर्टांचे आपसांत फिरवता येतात. शिवाय 2069 च्या सुट्टीचे पैसे आजच मोजायचे, व्याजावर पाणी सोडून.

खरी मेख वार्षिक शुल्कात आहे. तुम्ही जा, न जा, ते भरावंच लागतं. वर्षाला 4 टक्के वाढ धरली, तर 18 वर्षांत ते दुप्पट होतं. अशा शुल्काला कंटाळलेले कित्येक अमेरिकन मालक इतर कंपन्यांचे असे करार, म्हणजे टाइमशेअर, एका डॉलरला विकायला काढतात.

दरवर्षी फ्लोरिडात ऑर्लँडोच्या डिस्नेला जाणारच असाल, तरच करार घ्या. एरवी एखाद्या मालकाचे पॉइंट भाड्याने घेतलेले बरे.