किराण्याबरोबर कपबशी

अमेरिकेतल्या किराणा दुकानांत भांडी शिरली ती चहाच्या मागोमाग. न्यूयॉर्कमध्ये १८५९ साली सुरू झालेली चहाची पेढी पुढे ‘ए अँड पी’ या नावाने देशभर पसरली. चहा-कॉफीच्या खरेदीवर ती चिनी मातीची भांडी आणि काचसामान भेट देत असे. शिकागोच्या ‘ज्युएल टी’ने (१८९९) हा क्रमच फिरवला. तिचे विक्रेते घोडागाडीतून दारोदार जात, भेटवस्तू आधीच घरात ठेवून येत आणि गृहिणी पुढे कॉफी-साबण घेत घेत ती फेडत असे. गिऱ्हाईक बांधून ठेवायला याहून पक्की गाठ क्वचितच कुणी मारली असेल! ओहायोच्या ‘हॉल चायना’ने ‘ज्युएल’साठी १९३० च्या दशकापासून बनवलेली ‘ऑटम लीफ’ नक्षीची भांडी आज जुन्या वस्तूंचे शौकीन हुडकत असतात.

त्याच दशकातल्या महामंदीच्या काळात ओटच्या खोक्यातूनही स्वस्त रंगीत काचेची भांडी निघत.

भांड्यांपाठोपाठ पाककृतींची पुस्तकेही दुकानांत आली; त्यांची वाट नियतकालिकांनी मोकळी केली. ‘ए अँड पी’ने १९३१ मध्ये जेवणाचे बेत सुचवणारे फुकट पत्रक काढले, त्यातूनच १९३७ मध्ये ‘वुमन्स डे’ हे मासिक निघाले. ते दोन सेंटला आणि फक्त याच दुकानांत मिळे. त्यातल्या पाककृतींना लागणारा जिन्नस शेजारच्याच फळीवर असे, हे ओघाने आलेच. याच मासिकाच्या नावाने १९६६ मध्ये पाककलेचा बारा खंडांचा कोश निघाला.

दुसऱ्या महायुद्धानंतर सुपरमार्केटांनी हप्त्याहप्त्याने संच जमवायला लावले. या आठवड्यात ताटली, पुढच्या आठवड्यात बशी. रोजच्या वस्तू अगदी स्वस्त, पण झाकणाचे भांडे किंवा मोठा वाडगा पुऱ्या दामाने. कमाई होती ती तिथे. विश्वकोशही असेच, एकेक खंड करून विकले गेले. शिवाय बिलावर मिळणारी ‘एस अँड एच’ कंपनीची हिरवी तिकिटे वहीत चिकटवून तव्यापासून मिक्सरपर्यंत काहीही घेता येई. १९७० च्या दशकात तेलटंचाई आणि महागाई आली, तेव्हा गिऱ्हाइकांना तिकिटांपेक्षा कमी भाव हवासा झाला.

१९८८ मध्ये मिसुरीतल्या वॉशिंग्टन गावी वॉलमार्टचे पहिले ‘सुपरसेंटर’ उघडले. आता भांड्यांच्या दुकानातच किराणा आला आणि भेटवस्तूंची गरज उरली नाही. साध्या सुपरमार्केटात मात्र डबे फोडण्याचे हत्यार डबाबंद मालाशेजारीच टांगलेले असते आणि पाककृतींच्या पुस्तिका पैसे भरण्याच्या रांगेपाशी मांडलेल्या असतात.